क्लोनिंग आणि जनुकीय अभियांत्रिकी: इलाज कुठे संपतो आणि मर्जी कुठे सुरू होते?

क्लोनिंग, जीन एडिटिंग, जनुकीय अभियांत्रिकी हे शब्द कानावर आले की आपल्याकडे दोन टोकाच्या प्रतिक्रिया ऐकू येतात. एक जण म्हणतो, "तौबा, ही अल्लाहच्या कामात ढवळाढवळ आहे." दुसरा म्हणतो, "जग कुठच्या कुठे गेलं आणि तुम्ही अजून फतवे विचारत बसलाय." दोघेही ठाम असतात, पण बहुतेक वेळा दोघांनीही विषय नीट समजून घेतलेला नसतो.

दरम्यान हा विषय प्रयोगशाळेतून निघून आपल्या घरात येऊन बसला आहे. मधुमेहाचा रुग्ण रोज टोचून घेतो ते इन्सुलिन, शेतातली बीटी कपाशी, विदर्भातली सिकलसेलची तपासणी, वंध्यत्वाच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सुचवलेली भ्रूणाची चाचणी, हे सगळे याच ज्ञानाचे हात आहेत. म्हणून आम्ही या लेखात हे तंत्र नेमके काय आहे, त्यातले काय योग्य आणि काय अयोग्य मानले गेले आहे आणि का, हे सोप्या भाषेत मांडत आहोत. हा फतवा नाही. फतव्यासाठी मुफ्ती साहेब आहेत आणि इलाजासाठी डॉक्टर आहेत. पण त्यांच्याकडे जाताना प्रश्न काय विचारायचा, हे तरी आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

आधी शब्द समजून घेऊ

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचा लांबलचक धागा असतो. या धाग्यावर शरीर कसे घडवायचे, कसे चालवायचे याच्या सूचना असतात. अशा एका सूचनेला जनुक किंवा जीन म्हणतात. ही जनुके अर्धी आईकडून येतात आणि अर्धी वडिलांकडून.

जनुकीय अभियांत्रिकी म्हणजे या सूचनांमध्ये मुद्दाम केलेला बदल. एखादे जनुक काढणे, दुरुस्त करणे किंवा दुसऱ्या जीवाचे जनुक आणून बसवणे. यासाठीचे क्रिस्पर नावाचे तंत्र २०१२ नंतर जगभर पसरले. ठरवलेल्या जागी डीएनए कापणारी कात्रीच म्हणा. हे तंत्र विकसित करणाऱ्या इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना या दोन महिला शास्त्रज्ञांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

क्लोनिंगमध्ये जनुक बदलत नाहीत, तर सगळीच्या सगळी जनुके एकाच जीवाकडून घेतात. मादीच्या बीजांडातले केंद्रक काढून टाकायचे, त्या जागी दुसऱ्या जीवाच्या साध्या पेशीचे केंद्रक ठेवायचे आणि विजेच्या हलक्या झटक्याने ते बीजांड वाढीला लावायचे. यातून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात ठेवून पूर्ण जीव जन्माला घातला, तर ते प्रजननासाठीचे क्लोनिंग. भ्रूण न वाढवता त्यातून फक्त पेशी काढून औषधासाठी वापरल्या, तर ते उपचारासाठीचे क्लोनिंग.

आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा, कारण पुढची सगळी चर्चा त्यावर उभी आहे. आजारी माणसाच्या रक्तातल्या, डोळ्यातल्या किंवा यकृतातल्या पेशींमध्ये बदल केला, तर तो बदल त्याच्यापुरता राहतो आणि त्याच्याबरोबर संपतो. पण बीजांडात, शुक्राणूत किंवा अगदी सुरुवातीच्या भ्रूणात बदल केला, तर तो त्याच्या मुलांमध्ये, नातवंडांमध्ये, पुढच्या प्रत्येक पिढीत उतरू शकतो. पहिल्याला शरीरपेशींवरचा उपचार म्हणू, दुसऱ्याला वंशपेशींमधला बदल.

डॉलीपासून नूरीपर्यंत

५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळच्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमध्ये डॉली नावाची मेंढी जन्मली. सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून ती तयार केली होती. प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून क्लोन झालेला हा पहिला सस्तन प्राणी. फेब्रुवारी १९९७ मध्ये ही बातमी जाहीर झाली आणि जगभर एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: मेंढी झाली, आता माणूस कधी?

डॉलीची बातमी सांगताना एक आकडा बहुतेक वेळा सांगितला जात नाही. त्या प्रयोगात २७७ बीजांडांवर काम झाले होते. त्यातून गर्भाशयात ठेवण्याजोगे २९ भ्रूण मिळाले आणि जन्मली ती एकटी डॉली. तिला पुढे फुप्फुसाचा असाध्य आजार झाला आणि १४ फेब्रुवारी २००३ रोजी तिला दयामरण देण्यात आले.

त्यानंतर गाय, उंदीर, मांजर, कुत्रा, घोडा असे अनेक प्राणी क्लोन झाले. मुस्लिम देशही मागे राहिले नाहीत. इराणच्या रोयान संस्थेने २००६ मध्ये रोयाना नावाची मेंढी जन्माला घातली, तर दुबईत २००९ मध्ये इंजाज नावाची जगातली पहिली क्लोन सांडणी जन्मली. आपल्या देशात हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने २००९ मध्येच म्हशीचे क्लोन केले. पहिले पारडू काही दिवसांतच दगावले, नंतरचे गरिमा नावाचे पारडू जगले. कर्नालचेच तंत्र वापरून काश्मीरच्या शेर-ए-कश्मीर कृषी विद्यापीठात डॉ. रियाज अहमद शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ मार्च २०१२ रोजी नूरी ही जगातली पहिली क्लोन पश्मिना शेळी जन्माला घातली.

२०१८ च्या जानेवारीत चीनमधल्या शांघायच्या शास्त्रज्ञांनी डॉलीच्याच पद्धतीने दोन माकडे क्लोन केल्याचे जाहीर केले. म्हणजे माणसाच्या अगदी जवळच्या प्राण्यापर्यंत हे तंत्र पोहोचले आहे. माणसाचा क्लोन जन्मल्याचे दावे मधूनमधून झाले, पण एकही सिद्ध झालेला नाही.

हा निर्मितीत हस्तक्षेप आहे का?

सर्वसामान्य मुसलमानाच्या मनातला पहिला प्रश्न हाच असतो. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल.

पहिला भाग श्रद्धेचा. क्लोन करणारा शास्त्रज्ञ शून्यातून काही निर्माण करत नाही. बीजांड, पेशी, डीएनए, गर्भाशय, सगळे आधीच अस्तित्वात असते. तो फक्त मांडणी बदलतो. इस्लामी सहकार्य संघटनेशी संलग्न असलेल्या जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ मध्ये या विषयावर निर्णय दिला, तेव्हा हेच आधी स्पष्ट केले होते. क्लोनिंगमुळे निर्मात्यावरच्या श्रद्धेला धक्का बसतो असे मानण्याचे कारण नाही. म्हणून घाबरून जाण्याची गरज नाही आणि विज्ञानाने खुदाला हरवले म्हणून उड्या मारण्याचीही नाही.

दुसरा भाग आचरणाचा. इथे सूरह अन-निसाच्या ११९ व्या आयतीचा आधार नेहमी दिला जातो. सैतान माणसांना भरकटवून जनावरांचे कान चिरायला लावील आणि अल्लाहच्या सृष्टीत फेरफार करायला लावील, असा त्याचा दावा तिथे आला आहे. मग सृष्टीतला प्रत्येक बदल सैतानी ठरतो का? तसे असते तर फाटलेला ओठ शिवणे, मोतीबिंदू काढणे, हृदयात झडप बसवणे, हे सगळेच वर्ज्य झाले असते. उलेमांनी कधीच तसे म्हटले नाही.

हदीसच्या ग्रंथांत अरफजा नावाच्या सहाबींचा प्रसंग येतो. एका लढाईत त्यांचे नाक कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले. पुरुषांना सोने एरवी निषिद्ध आहे, तरीही. या प्रसंगावरून फुकहांनी एक महत्त्वाचा भेद काढला. बिघडलेले मूळ स्थितीत आणणे हा इलाज आहे. धडधाकट असलेल्यात केवळ हौसेने किंवा बडेजावासाठी फेरफार करणे ही वेगळी गोष्ट आहे. आजार आहे तर इलाज करा, ही प्रेषितांची शिकवणही सर्वांना माहीत आहे.

याच्या जोडीला शरीअतची उद्दिष्टे, म्हणजे मकासिद, विचारात घेतली जातात. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी ती पाच सांगितली: दीन, जीव, बुद्धी, वंश आणि संपत्ती यांचे रक्षण. नव्या तंत्राने यातल्या कशाचे रक्षण होते आणि कशाला धोका पोहोचतो, हे तोलायचे. आणि तोलताना फिकहचा एक जुना नियम लक्षात ठेवायचा, की लाभ मिळवण्यापेक्षा हानी टाळण्याला आधी महत्त्व आहे.

माणसाच्या क्लोनिंगला नकार का?

जेद्दाहच्या अकादमीने १९९७ च्या त्या निर्णयात (क्रमांक ९४) माणसाचे क्लोनिंग निषिद्ध ठरवले. त्याच निर्णयात वनस्पती, सूक्ष्मजीव आणि प्राणी यांच्याबाबत क्लोनिंग आणि जनुकीय अभियांत्रिकीला शरीअतच्या मर्यादेत, लोकहितासाठी परवानगी दिली. म्हणजे सरसकट "नाही" नव्हते आणि सरसकट "हो"ही नव्हते. पति-पत्नीच्या नात्यात तिसऱ्याचे गर्भाशय, बीजांड, शुक्राणू किंवा क्लोनिंगसाठीची पेशी आणण्यालाही मनाई केली.

या नकारामागची कारणे समजून घेतली पाहिजेत, कारण ती फक्त मुसलमानांपुरती नाहीत.

पहिले कारण जीविताचे. २७७ बीजांडांमागे एक मेंढी. प्राण्यांच्या क्लोनिंगमध्ये गर्भपात, वारेतले दोष, अवाढव्य वाढलेली पिले, जन्मल्यावर लगेच मृत्यू हे प्रकार वारंवार दिसले आहेत. माणसावर हा प्रयोग करायचा तर किती बायकांच्या कुशी रिकाम्या होतील आणि किती व्यंग असलेली बाळे जन्मतील, याचा हिशोब कोण देणार?

दुसरे कारण वंशाचे, म्हणजे नसबचे. एखाद्या पुरुषाच्या पेशीपासून क्लोन जन्मला तर तो त्याचा मुलगा की जुळा भाऊ? ज्या बाईचे बीजांड आणि जिची कूस, ती त्याची कोण? वारसा कोणाचा, निकाह कोणाशी चालेल, कोणाशी नाही? ज्या शरीअतने दत्तक मुलालाही त्याच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारायला सांगितली, तिथे हा प्रश्न छोटा नाही.

तिसरे कारण त्या मुलाचे स्वतःचे. जो जन्मतःच दुसऱ्याची नक्कल म्हणून आणला गेला, त्याच्याकडून मेलेल्या मुलाची जागा भरण्याची किंवा कुणा मोठ्या माणसाची आवृत्ती होण्याची अपेक्षा ठेवली जाणार. तो तसा होणारही नाही, कारण जनुके सारखी असली तरी कूस, घर, काळ आणि नशीब वेगळे असते. पण अपेक्षेचे ओझे मात्र त्याच्या डोक्यावर राहील.

चौथे कारण स्त्रियांचे. क्लोनिंगला बीजांडे लागतात आणि ती बाईच्या शरीरातून, इंजेक्शने देऊन, त्रास सोसून काढावी लागतात. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाने माणसाच्या क्लोन भ्रूणातून पेशी मिळवल्याचा दावा २००४ आणि २००५ मध्ये केला. तो खोटा निघाला आणि त्याचे शोधनिबंध मागे घेतले गेले. चौकशीत बाहेर आले की २००० पेक्षा जास्त बीजांडे वापरली गेली होती आणि काही तर त्याच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक मुलींची होती. हाताखालच्या मुलीने साहेबाला दिलेली "संमती" कितपत खरी असते, हे सांगायला नको.

जगाचे मतही साधारण याच दिशेने गेले. युनेस्कोने १९९७ च्या मानवी जनुकसंचयाविषयीच्या जाहीरनाम्यात प्रजननासाठीचे मानवी क्लोनिंग मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध ठरवले. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सर्व प्रकारच्या मानवी क्लोनिंगविरुद्ध ठराव ८४ विरुद्ध ३४ मतांनी मंजूर झाला. भारताने विरोधात मत दिले. बाळ जन्माला घालण्याला भारताचा विरोधच होता, पण उपचारासाठीच्या संशोधनाचे दार बंद होऊ नये, अशी भूमिका होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्याकडे मानवी प्रजनन क्लोनिंग आणि वंशपेशींमधला बदल या दोन्हींना मनाई आहे.

ज्या औषधाने पेच सोडवला

जनुकीय अभियांत्रिकी म्हणजे हरामच, असे म्हणणाऱ्यांना आम्ही इन्सुलिनचे उदाहरण देतो. पूर्वी इन्सुलिन गायीच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढले जाई. मुसलमान रुग्णापुढे डुकराचा पेच आणि हिंदू रुग्णापुढे गायीचा. शास्त्रज्ञांनी माणसाचे इन्सुलिनचे जनुक जिवाणूत बसवले आणि जिवाणूच इन्सुलिन तयार करू लागले. १९८२ मध्ये अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली. आज जगभर मुख्यतः अशाच पद्धतीने बनवलेले इन्सुलिन वापरले जाते. ज्या तंत्राला आपण संशयाने पाहतो, त्यानेच हा पेच सोडवला.

मात्र सगळीच उदाहरणे इतकी सोपी नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात एका माणसाला डुकराचे हृदय बसवण्यात आले. त्या डुकरात दहा जनुकीय बदल केले होते, त्यापैकी सहा माणसाची जनुके बसवण्याचे. रुग्ण सुमारे दोन महिने जगला. या प्रकल्पाचे एक प्रमुख होते कराचीत शिकलेले डॉ. मुहम्मद मोहिउद्दीन. डुकरावर काम करण्यावरून त्यांना घरातूनच विरोध झाला होता आणि त्यांनी या प्रश्नाचा धार्मिक अंगानेही शोध घेतला. जीव वाचवण्याचा दुसरा मार्गच नसेल तर निषिद्ध वस्तूलाही गरजेपुरती मुभा मिळते, हे फिकहचे तत्त्व इथे लागू होते असे अनेक विद्वान मानतात. पण त्यात "दुसरा मार्ग नसेल तर" ही अट आहे, हे विसरता कामा नये.

विदर्भातला सिकलसेल

हा विषय आपल्या किती जवळचा आहे, हे पाहायचे तर गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर किंवा नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात जावे. सिकलसेल या आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकात फक्त एका अक्षराची चूक असते. त्या एका अक्षरामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे ठणकतात, ताप येतो, रक्त कमी होते, मूल रात्र-रात्र कण्हत राहते. आदिवासी आणि दलित वस्त्यांत हा आजार जास्त आहे, पण तो कुणाचा धर्म पाहून येत नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या मोहिमेत ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे लक्ष्य ठेवले आहे.

या आजारावर क्रिस्पर वापरणारा पहिला उपचार, कॅस्जेव्ही, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजूर केला. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी काढतात, त्यात असा बदल करतात की गर्भात असताना बनणारे निरोगी हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते, आणि त्या पेशी परत शरीरात सोडतात. हा शरीरपेशींवरचा उपचार आहे. बदल त्या रुग्णापुरताच राहतो, वंश मिसळत नाही, संमती रुग्णाची किंवा पालकांची असते. आम्हाला तरी यात आक्षेपाची जागा दिसत नाही. सोन्याच्या नाकाचाच हा पुढचा टप्पा आहे.

आक्षेप आहे तो किमतीवर. अमेरिकेत हा उपचार जाहीर झाला तेव्हा त्याची किंमत होती २२ लाख डॉलर, म्हणजे आपल्या हिशोबाने १८ कोटी रुपयांच्या आसपास. शिवाय त्यासाठी जबर केमोथेरपी आणि प्रगत रुग्णालय लागते. ज्या घरात रोजंदारी बुडवून मुलाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावे लागते, तिथे या शोधाचा काय उपयोग? चर्चा नेहमी "हे करणे योग्य का" इथे अडकते. "हे कोणाला मिळणार" हा प्रश्नही तितकाच नैतिक आहे, कारण अदल, म्हणजे न्याय, हाही दीनचाच भाग आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने बिरसा १०१ या नावाने स्वदेशी सिकलसेल जनुकोपचार विकसित केल्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. तो स्वस्तात तयार व्हावा म्हणून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला आहे. तो सुरक्षित ठरून गडचिरोलीपर्यंत पोहोचला, तर त्याला आम्ही खरे यश म्हणू.

चीनमधल्या जुळ्या मुली

आता दुसऱ्या बाजूचे उदाहरण. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे जियानकुई या चिनी शास्त्रज्ञाने जाहीर केले की त्याने भ्रूणांमध्ये क्रिस्परने बदल केला आणि त्यातून जुळ्या मुली जन्मल्या. त्यांना एचआयव्हीची लागण होऊ नये, म्हणून सीसीआर५ नावाचे जनुक निकामी केल्याचा त्याचा दावा होता. मुलींचे वडील एचआयव्हीबाधित होते. पण अशा जोडप्याचे बाळ निरोगी जन्मावे यासाठी साधे, सुरक्षित उपाय आधीपासून उपलब्ध होते. म्हणजे आजार नव्हताच, तरी इलाज केला. बदल सगळ्या पेशींत सारखा झाला नव्हता, पालकांना पुरेशी माहिती दिली नव्हती, परवानगीची कागदपत्रे बनावट निघाली. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांची कैद आणि ३० लाख युआनचा दंड झाला.

शिक्षा शास्त्रज्ञाने भोगली. पण त्या मुली तो बदल जन्मभर अंगात वागवणार आहेत आणि त्यांच्या मुलाबाळांतही तो जाऊ शकतो. त्यांना कोणी विचारले होते? वंशपेशींमधल्या बदलाचा खरा अडथळा हाच आहे. ज्याच्यावर परिणाम होणार तो अजून जन्मलेलाच नाही आणि चूक झाली तर ती परत घेता येत नाही.

आपण एक यंत्र आधीही पाहिले आहे

काही जण म्हणतात, आजार टाळण्यापुरतीच परवानगी देऊ, पुढचे पुढे बघू. महाराष्ट्राला याबाबत स्वतःचा अनुभव आहे. गर्भजल परीक्षा आली ती गर्भातले दोष ओळखायला आणि सोनोग्राफी आली ती पोटातल्या बाळाची प्रकृती पाहायला. थोड्याच वर्षांत दोन्हींचा वापर मुलगी आहे का ते पाहून ती पाडण्यासाठी होऊ लागला. १९८८ मध्ये गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. केंद्राचा कायदा १९९४ चा. २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७.

यंत्र वाईट नव्हते, घरातली मर्जी वाईट होती. जिवंत पुरलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी तिचा गुन्हा विचारला जाईल, हे ऐकत वाढलेल्या आपल्या समाजातही "पहिला मुलगाच हवा" म्हणणारी घरे आहेत, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. उद्या भ्रूण निवडताना रंग, उंची, बुद्धी निवडता येते असे कुणी सांगितले, तर गोऱ्या सुनेच्या जाहिराती देणारा समाज काय निवडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि मग सावळा, बुटका, अपंग जन्मलेला प्रत्येक जण "आईबापांच्या हलगर्जीपणाचा" ठरेल.

भ्रूणाविषयी मतभेद

काही ठिकाणी उलेमांमध्ये खरे मतभेद आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. गर्भात रूह फुंकली जाण्याचा काळ हदीसच्या आधारे १२० दिवसांचा धरला जातो, तर काही विद्वान ४० दिवसांचा मानतात. मक्केच्या राबिता आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेने १९९० मध्ये, गंभीर आणि असाध्य व्यंगाची विश्वासू डॉक्टरांनी खात्री केल्यास, १२० दिवसांच्या आत आईवडिलांच्या विनंतीवरून गर्भपाताला मुभा दिली. त्याच परिषदेने २००३ मध्ये टेस्ट ट्यूबच्या उपचारात उरलेल्या भ्रूणांतल्या मूळ पेशी आईवडिलांच्या संमतीने संशोधनाला वापरण्यास परवानगी दिली, पण त्यासाठी मुद्दाम भ्रूण तयार करणे किंवा क्लोन करणे नाकारले. काही विद्वानांना उरलेले भ्रूण वापरणेही मान्य नाही. सामान्य माणसाने अशा ठिकाणी यूट्यूबवरच्या एका तकरीरीवर निर्णय घेऊ नये.

शेतातली जनुके

शेतीत बदलाला मूलतः मनाई नाही. मदिनेत खजुराच्या परागीकरणाविषयीच्या प्रसंगात प्रेषितांनी दुनियेच्या अशा कामांत जाणकारांच्या अनुभवाला मान दिला होता. इथे प्रश्न येतो तो हानीचा आणि मालकीचा. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि जालन्याच्या महिको कंपनीचे नाव घरोघरी पोहोचले. सुरुवातीला हिरव्या बोंडअळीला आळा बसला. पण पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला पचवू लागली, फवारण्या पुन्हा वाढल्या आणि दरवर्षी नवे बियाणे विकत घेण्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी राहिला. बीटी वांग्याला मात्र २०१० मध्ये, नागपूरसह सात शहरांत लोकांचे म्हणणे ऐकून, स्थगिती देण्यात आली. बियाणे चांगले की वाईट एवढेच विचारून भागत नाही. फायदा कोणाच्या खिशात आणि जोखीम कोणाच्या शेतात, हेही विचारावे लागते.

आपल्या घरासाठी

या सगळ्यातून आपण आज काय करू शकतो? सर्वात स्वस्त आणि निर्विवाद उपाय कोणत्याही कात्रीचा नाही, तो साध्या रक्ततपासणीचा आहे. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचे वाहक स्वतः ठणठणीत असतात. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यात, चुलत-मावस भावंडांत निकाह होतात तिथे एकच सदोष जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. असा निकाह जायज आहे, पण तो फर्ज नाही. सौदी अरबने २००४ पासून लग्नाआधी ही तपासणी सक्तीची केली आहे, निर्णय मात्र जोडप्यावर सोडला आहे. आपल्याकडे मंगनीच्या आधी हॉल, बिर्याणी आणि दागिन्यांची चौकशी होते. त्यात एका तपासणीची भर घालायला हरकत नाही. मशिदींच्या कमिट्यांनी आणि निकाह पढवणाऱ्या काजी साहेबांनी हा विषय काढला, तर लोक ऐकतील. आणि तपासणीत कुणी मुलगी वाहक निघाली, तर तिची बदनामी करू नये. वाहक असणे हा आजार नाही आणि ऐबही नाही.

शेवटी

नवे तंत्र समोर आले की आम्हाला चार प्रश्न विचारावेसे वाटतात. आजार खरोखर आहे का, की ही फक्त हौस आहे? चूक झाली तर ती कोण भोगणार आणि त्याला विचारले होते का? नात्यांची ओळख शाबूत राहते का? आणि हा इलाज गरिबाच्या मुलालाही मिळणार आहे का?

या प्रश्नांवर इन्सुलिन उतरते. सिकलसेलचा उपचार पहिल्या तीन प्रश्नांवर उतरतो आणि चौथ्यावर अजून अडतो. माणसाचे क्लोनिंग पहिल्याच प्रश्नावर अडखळते. मर्जीप्रमाणे बाळ घडवणेही तिथेच अडखळते. अल्लाहने दिलेल्या बुद्धीने आजाराशी लढणे ही अमानत आहे. त्याच बुद्धीने दुसऱ्या माणसाला आपल्या पसंतीच्या साच्यात ओतणे ही त्या अमानतीतली खयानत आहे. गडचिरोलीच्या दवाखान्यात ठणकत्या पायांनी बसलेल्या मुलाला यातली पहिली गोष्ट लवकर मिळावी आणि दुसरीची पाळी कुणावर येऊ नये, एवढीच आमची दुआ आहे.